‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’: दोघांनाही ‘धोका’ म्हटलं की काय बिघडतं?

आजची पोस्ट थोडी वेगळी आहे. नेहमीसारखं उतार, माती आणि पाऊस यांच्याबद्दल न लिहिता मी दोन इंग्रजी शब्दांबद्दल लिहिणार आहे. पण भाषेचा तास घेत्येय असं समजू नका. या दोन शब्दांत गल्लत केल्यामुळे मी स्वतः एका वाडीतल्या लोकांना चुकीचं सांगून आले होते. तिथूनच सुरुवात करते.

माझ्या पीएच.डी.चा विषय सह्याद्रीतल्या दरडी. उताराचा कोन, खडकाचा प्रकार, मातीची जाडी, ओढ्यांपासूनचं अंतर, वर झाडी आहे की शेती, अशा सगळ्या गोष्टी एकावर एक ठेवून मी नकाशा बनवते. लाल, पिवळा, हिरवा. पावसाळ्याआधी एका गावातल्या बैठकीत मी हा नकाशा भिंतीवर लावला. खाली रंगांच्या पट्टीपुढे मीच मराठीत लिहिलं होतं: ‘धोका जास्त, धोका मध्यम, धोका कमी’.

एक आजोबा उठून नकाशाजवळ आले. आपली वाडी शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, आमची वाडी पिवळ्यात येते. म्हणजे आम्हाला धोका मध्यम, त्या वरच्या रानाला जास्त. बरोबर ना?”

मी म्हटलं, “हो, तसंच.”

परत येताना एसटीत नकाशा पुन्हा उघडला आणि पोटात गोळा आला. वाडी पिवळ्यात होती, कारण ती ज्या जमिनीवर उभी आहे तिचा उतार कमी आहे. पण तिच्या डोक्यावर थेट लाल पट्टा होता. माझा नकाशा फक्त एवढंच सांगत होता, की दरड सुटू शकते कुठून. ती सुटल्यावर जाणार कुठे आणि तिथे कोण झोपलेलं असणार, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आणि मी मात्र त्याला ‘धोका’ असं नाव देऊन मोकळी झाले होते.

नकाशा चुकला नव्हता, त्याच्या खालचा शब्द चुकला होता.

मूळ फरक काय?

अगदी साध्या शब्दांत सांगायचं तर हॅझर्ड म्हणजे इजा करू शकेल अशी गोष्ट किंवा घटना. रिस्क म्हणजे त्या गोष्टीमुळे प्रत्यक्षात कोणाचं किती नुकसान होण्याची शक्यता आहे, ते.

ओळखीचं उदाहरण घेऊ. पिंजऱ्यातला वाघ आणि अंगणातला वाघ, वाघ तोच. त्याचे दात तेवढेच, भूकही तेवढीच. म्हणजे हॅझर्ड तोच. पण पिंजऱ्याबाहेर उभं राहून वाघ बघणाऱ्याची रिस्क आणि अंगणात वाघ आलेल्याची रिस्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपत्तीच्या अभ्यासात हे एका छोट्या सूत्रात मांडतात. रिस्क ही तीन गोष्टींच्या गुणाकारासारखी असते: एक, हॅझर्ड. दोन, त्याच्या वाटेत काय आणि कोण आहे. तीन, जे वाटेत आहेत ते किती लेचेपेचे आहेत, म्हणजे घर कशाचं आहे, रस्ता आहे का, इशारा वेळेत पोचतो का. गुणाकार म्हणायचं कारण असं, की यातली एक गोष्ट शून्य झाली तर सगळंच शून्य. निर्मनुष्य दरीत डोंगराचा अर्धा कडा कोसळला तरी माणसाच्या हिशेबात रिस्क शून्य.

आता एक हिशेब करून बघा. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. ‘अ’ नावाचा उतार सरासरी १० वर्षांतून एकदा ढासळतो, पण खाली कोणी राहत नाही. ‘ब’ नावाचा उतार १०० वर्षांतून एकदा ढासळतो. खाली २०० माणसं राहतात आणि ढासळला तर त्यातली निम्मी दगावतील. हॅझर्डच्या यादीत ‘अ’ दहापट वर. रिस्कच्या यादीत ‘अ’ शून्यावर, आणि ‘ब’ची किंमत वर्षाला सरासरी १ जीव. यादी कोणत्या शब्दाने केली, त्यावर पहिलं नाव कुणाचं येणार ते ठरतं. पैसे आणि माणसं त्या पहिल्या नावाकडे आधी जातात. म्हणून हा वाद शब्दांपुरता राहत नाही.

एकाच आठवड्यातले दोन ‘धोके’

२०२३ सालचा जुलै आठवा. त्या महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. दोन्हींत ‘धोका’ हा शब्द होता आणि दोन्हींत तो वेगळ्या अर्थाने कमी पडला.

पहिली बातमी १४ जुलैची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याला ‘२ब’ गटात टाकलं. म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला पदार्थ, पुरावा मर्यादित. लगेच व्हॉट्सॲपवर सुरू झालं: डाएट कोला प्यायल्याने कॅन्सरचा धोका.

त्याच दिवशी, त्याच जाहीर निवेदनात, अन्नातल्या मिश्रणांचा विचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीचाही निष्कर्ष होता. रोजच्या सेवनाची मर्यादा बदलायचं कारण नाही, ती शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅमच राहील, असं या समितीने सांगितलं. ७० किलोच्या माणसाने २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असलेले ९ ते १४ कॅन दिवसाला प्यायले, आणि दुसरीकडून ते पोटात गेलं नाही असं धरलं, तर त्याहून जास्त झाल्यावर ती मर्यादा ओलांडली जाते.

वाचणाऱ्याला वाटलं, हे लोक एकाच तोंडाने दोन गोष्टी बोलतायत. पण तसं नव्हतं. पहिली संस्था हॅझर्ड सांगत होती: हा पदार्थ कर्करोग घडवू शकतो का, याचा पुरावा किती भक्कम आहे? दुसरी रिस्क सांगत होती: माणसं जेवढं घेतात तेवढ्यात किती बिघडतं? पहिल्या संस्थेच्या सर्वांत वरच्या गटात, गट १ मध्ये, तंबाखू आहे आणि सूर्यप्रकाशही आहे. याचा अर्थ अंगणात वाळवण घालणं आणि विडी ओढणं सारखंच घातक, असा होत नाही. दोन्हींबद्दलचा पुरावा सारखाच पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो गट पुराव्याचं वजन मोजतो, विषाचं नाही. मराठीत दोन्हीकडे ‘धोका’ लिहिलं की हा फरक नाहीसा होतो. मग वाचक एकतर उगाच घाबरतो किंवा ‘हे शास्त्रज्ञ रोज काहीतरी नवीन सांगतात’ म्हणून कायमचा कानाडोळा करतो. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

दुसरी बातमी १९ जुलैच्या रात्रीची. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत असलेल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

ही वाडी संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितलं. त्यावर भरपूर टीका झाली. पण टीका होती ती ‘यादीत नाव का नव्हतं’ एवढ्यावरच. मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न विचारायला हवा: यादी कशाची होती? डोंगर कुठे ढासळू शकतो याची, की माणसं कुठे मरू शकतात याची?

इर्शाळवाडीकडे या दोन शब्दांच्या चष्म्यातून बघा. हॅझर्ड: तीव्र उतार, जोराचा पाऊस. सह्याद्रीत असे उतार शेकड्याने सापडतील. पण रिस्क वाढवणाऱ्या गोष्टी बघा. घटना रात्रीची, म्हणजे सगळे घरात. तीच दरड सकाळी अकरा वाजता आली असती तर निम्मी माणसं रानात, पोरं शाळेत असती. उतार तोच, पाऊस तोच, हॅझर्ड तोच, पण रिस्क वेगळी. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं चिखलातून चढून गेली, जेसीबी वर नेता आला नाही, माती हातांनी आणि फावड्यांनी उपसावी लागली. यातलं काहीच माझ्या लाल-पिवळ्या नकाशात दिसत नाही. दिसणारही नाही, कारण तो नकाशा त्यासाठी नाहीच.

नकाशाला नावं ठेवण्याआधी

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. असे नकाशे निरुपयोगी नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करायचा मोठा कार्यक्रम घेतला. देशाचं साधारण १२.६ टक्के क्षेत्र, म्हणजे ४.२ लाख चौरस किलोमीटर, त्यात धरलं होतं. हे नकाशे १:५०,००० या प्रमाणात आहेत. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. १०० मीटर लांबीची वाडी या कागदावर २ मिलिमीटरची होते. मुंगीएवढी. एवढ्या मोठ्या मुलखावर नजर टाकायला हे प्रमाण योग्यच आहे. पण त्या कागदावरून ‘या घराला किती धोका’ हे विचारणं म्हणजे जिल्ह्याच्या नकाशात आपली विहीर शोधण्यासारखं आहे.

शिवाय ‘प्रवणता’ हा तिसराच शब्द झाला. तो फक्त ‘कुठे’ सांगतो. त्यात ‘केव्हा’ घातलं की आमच्या विषयातला हॅझर्ड तयार होतो. युनेस्कोसाठी डेव्हिड व्हार्न्स यांनी १९८४ साली केलेली व्याख्या आम्ही आजही वापरतो. तिच्यानुसार हॅझर्ड म्हणजे ठरावीक काळात, ठरावीक क्षेत्रात नुकसान करू शकणारी घटना घडण्याची संभाव्यता. त्यात ‘कोणाला’ घातलं की रिस्क. कुठे, केव्हा, कोणाला: तीन पायऱ्या. आपल्याकडचं बहुतेक काम पहिल्या पायरीवर आहे, आणि बातमीत मात्र ते थेट तिसऱ्या पायरीच्या भाषेत छापलं जातं.

बारकाईने वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, की इथे कर्करोगवाल्यांचा हॅझर्ड आणि दरडवाल्यांचा हॅझर्ड पूर्ण सारखा नाही. त्यांच्या शब्दात संभाव्यता नसते, फक्त क्षमता असते. आमच्यात संभाव्यता धरलेली असते. आणि औषधांच्या चाचण्यांत येणारा ‘हॅझर्ड रेशो’ तर आणखी वेगळं प्रकरण. म्हणजे इंग्रजीतही सगळं आलबेल नाही. रोजच्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पण एक गोष्ट दरडीत आणि कोलात समान आहे: हॅझर्ड म्हणताना वाटेत कोण उभं आहे हे विचारात घेतलेलं नसतं. ते विचारल्याशिवाय रिस्क हा शब्द उच्चारताच येत नाही.

मराठीत काय करायचं?

‘धोका’ हा आपला हरकाम्या शब्द. विजेच्या खांबावर धोका, प्रेमात धोका, हवामानात धोका. धोका असतो, टळतो, दिला जातो आणि पत्करलाही जातो. एवढी कामं एकट्याने करणारा शब्द बारीक काम करू शकत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

इंग्रजी शब्द तसेच घ्यावेत का? ‘रिस्क’ तर कधीच मराठी झालाय. ‘उगाच रिस्क घेऊ नको’ हे आजीही म्हणते. पण ‘हॅझर्ड घेऊ नको’ असं कोणी म्हणत नाही. तो शब्द आपल्याला भेटतो गाडीतल्या लाल त्रिकोणाच्या बटणावर, हॅझर्ड लाइट म्हणून. आणि गंमत म्हणजे तिथे त्याचा वापर अगदी चोख आहे. घाटात धुक्यात गाडी बंद पडली की ते दिवे सांगतात, ‘इथे अडथळा उभा आहे’. मागून येणारा किती वेगात आहे, त्याचे ब्रेक कसे आहेत, ही पुढची गोष्ट.

माझ्या मते आपल्याकडे रिस्कसाठी चांगला शब्द आहे: जोखीम. आणि तो नुसता चालण्यासारखा नाही, इंग्रजीपेक्षा सरस आहे. माझी आजी लग्नाकार्याहून परत येताना म्हणायची, “अंगावर जोखीम आहे, अंधाराच्या आत घरी पोचा.” तिच्या बोलण्यात जोखीम म्हणजे चोर नव्हे. जोखीम म्हणजे अंगावरचं सोनं. गमावण्यासारखं जे जवळ आहे, तेच जोखीम! चोर हा हॅझर्ड. गळ्यात काही नसेल तर वाटेत दहा चोर असले तरी तिच्या हिशेबात जोखीम नाही. आपत्तिशास्त्राच्या सूत्रातला दुसरा भाग, वाटेत काय आहे हा, आजीने एका शब्दात बसवला होता.

मात्र एक अडचण आहे, आणि ती मी लपवणार नाही. ‘जोखीम’ आता ‘घेतली’ जाते. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत ती बाजाराची असते आणि गुंतवणूकदार ती समजून उमजून घेतो, असं गृहीत असतं. हा अर्थ डोंगराखालच्या वाडीला लावला की वाक्याचा सूर बदलतो: ‘त्यांनी तिथे राहायची जोखीम घेतली.’ प्रत्येक दुर्घटनेनंतर हे वाक्य कुठून तरी येतंच. लोक आधी का उठून गेले नाहीत? पण खाली सपाटीला ज्याची जमीन नाही, ज्याचं रान वर आहे, गुरं वर आहेत, त्याने ही जोखीम ‘घेतली’ म्हणणं कितपत खरं आहे? जोखीम असते, येते, लादली जाते. कोणतं क्रियापद वापरता याच्याकडे लक्ष द्या. क्रियापद बदललं की दोष कोणाचा, तेही बदलतं.

म्हणून माझा प्रस्ताव इतकाच आहे. हॅझर्डला ‘धोका’ राहू द्या, रिस्कला ‘जोखीम’ म्हणा, आणि जोखीम ‘घेतली’ असं लिहिण्याआधी दोन मिनिटं थांबा. पत्रकार, शिक्षक, ग्रामपंचायतीत फलक लिहिणारे आणि माझ्यासारखे नकाशेवाले, सगळ्यांनीच.

आणि वाचक म्हणून तुम्ही? बातमीत, मेसेजमध्ये, सरकारी पत्रकात ‘धोका’ दिसला की तीन प्रश्न विचारा. कशाचा? कोणाला? किती, आणि किती काळात? पहिल्याचंच उत्तर मिळत असेल तर तुमच्या हातात हॅझर्ड आहे, रिस्क नाही. घाबरायचं की निर्धास्त राहायचं, यातलं काहीच त्यावरून ठरवू नका.

हवामानाच्या जगात हा बदल सुरू झालाय. जागतिक हवामान संघटनेने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. हवामान कसं असेल एवढंच न सांगता त्याने काय होईल तेही सांगा, असा त्यांचा रोख आहे. ‘२०० मिलिमीटर पाऊस’ हा धोका झाला. ‘या ओढ्याकाठची घरं आज रात्री रिकामी ठेवा’ ही जोखमीची भाषा. दुसरं वाक्य लिहायला कितीतरी जास्त माहिती लागते, म्हणून ते अवघड आहे. पण माणूस हलतो तो दुसऱ्या वाक्याने.

परत त्या वाडीत

आठ दिवसांनी मी पुन्हा गेले. या वेळी रंगांपुढे लिहिलं होतं: ‘इथून दरड सुटण्याची शक्यता: जास्त, मध्यम, कमी’. आणि वरच्या लाल पट्ट्यापासून खाली, ओढ्याच्या वाटेने, पेन्सिलने बाण काढले होते. ते बाण गणित करून काढलेले नव्हते, उतार आणि ओढे बघून काढलेले होते, हेही सांगितलं. आजोबांना म्हटलं, “मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. वाडी पिवळ्यात आहे, पण ती लाल पट्ट्याच्या वाटेत आहे.”

मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. बाणांवरून बोट फिरवत बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ओढ्याचं आम्हाला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी तिथून मोठे धोंडे आले होते. पण मॅडम, मग असं सांगा, जोराच्या पावसात रात्रीला पोरांना घेऊन झोपायचं कुठं?”

बघा, त्यांनी प्रश्न बरोबर पायरीवरचा विचारला. कुठे, केव्हा, कोणाला, तिन्ही त्यात आलं. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. बैठकीत पलीकडच्या पठारावरच्या शाळेचं नाव निघालं. तिची किल्ली कोणाकडे असते, यावर चर्चा झाली. पावसाळ्यात ती किल्ली वाडीतच एका घरी ठेवायची, असं ठरलं.

माझ्या प्रबंधात या किल्लीला जागा नाही. पण माझ्या पूर्ण नकाशाने जेवढी जोखीम कमी केली नसेल, तेवढी त्या किल्लीने कदाचित केली असेल. वरचा डोंगर आहे तसाच आहे. धोका तेवढाच.